अकरा जाळ्या

मला भोक सहन होत नाही. बत्तीस वर्षं मी कापडाच्या गिरणीत तपासनीस होते. खालून दिवे लावलेल्या काचेच्या टेबलावरून कापड सरकत जायचं, आणि जिथे नको तिथे उजेड दिसला की मी खडूने फुली मारायची. नोकरी संपली, पण डोळ्यांना कुणी निवृत्तीचं पत्र दिलं नाही. आजही कुणाच्या बाहीला भोक दिसलं की मी सांगून मोकळी होते, मग समोरचा माणूस लग्नाला निघालेला का असेना. अशा बाईला वसाहतीची सचिव करायचं कुणाच्या डोक्यात आलं, ते मला अजून कळलेलं नाही.

वसाहत म्हणजे चार इमारती, मधे बाग आणि भोवती भिंत. भिंतीपलीकडे झुडपांचा माळ आणि उन्हाळ्यात आटणारा एक ओहोळ. माळावरून आमच्याकडे पाहुणे यायचे. माकडं भिंतीवरून यायची, साप भिंतीखालून. माकडांना सगळे ओळखत, कारण प्रत्येक घरातून त्यांनी काही ना काही नेलेलं होतं. अध्यक्षांची तर कवळी नेली होती. साप मात्र सहसा कुणाला दिसायचे नाहीत. ते कुठून येतात आणि कधी परत जातात हे वसाहतीत एकाच माणसाला ठाऊक होतं, आमच्या माळीणबाईंना.

पोरं त्यांना ‘दहापावली’ म्हणत. साप दिसला की दहा पावलं मागे, माकड दिसलं की दहा पावलं बाजूला, हे त्यांचं पालुपद. पण त्यांचं काम बघत राहावं असं होतं. कुंडी हलवायची तर आधी काठीने दोनदा टकटक. मग कुंडीच्या मागे उभं राहून ती स्वतःकडे कलवायची, म्हणजे खाली कुणी असेल तर त्याला समोरची वाट मोकळी. पायवाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत घोट्याच्या वर कधी जाऊ दिलं नाही. माकडांच्या टोळीतून जाताना मान खाली, तोंड बंद, दोन्ही पंजे उघडे आणि चाल तीच. टोळीही निमूट वाट द्यायची. मी एकदा तसंच करायला गेले तर माझी पिशवी गेली, कारण पंजे उघडे ठेवायचे म्हणजे पिशवी घेऊन जायचंच नाही, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

त्यांच्या एकोणीस वर्षांत वसाहतीत एकालाही साप चावला नाही की माकडाने ओरबाडलं नाही. पण न घडलेल्या गोष्टीचं कौतुक कोण करतो? मीही केलं नाही.

त्या उन्हाळ्यात पंपाच्या खोलीत सापाची कात सापडली. सकाळी हातभर असलेली कात लोकांच्या तोंडून फिरत संध्याकाळपर्यंत पुरुषभर लांब झाली. कमिटीची तातडीची बैठक भरली. साप साप म्हणून भुई धोपटण्यात आमचा हात कुणी धरणार नाही. अध्यक्ष म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त औषधविक्रेते. त्यांनी सगळा माळ जाळून काढायची सूचना केली. मी म्हटलं, जाळपोळ कशाला, भोकं बुजवू. पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून भिंतीच्या पायथ्याला अकरा भोकं होती. मी स्वतः फिरून मोजली, प्रत्येकावर खडूने फुली मारली. बारीक लोखंडी जाळी आणून ती सिमेंटने बसवायचं ठरलं. तो आठवडा मला नोकरीत परत गेल्यासारखा वाटला.

माळीणबाईंना मी सिमेंट कालवायला सांगितलं तर त्या काठी टेकून उभ्याच राहिल्या.

“बाई, बाहेरचा आत येणार नाही, हे खरं. पण आतला बाहेर कसा जाणार?”

“आत कुणी नाहीये.”

“कुणी मोजलं?”

“माळीणबाई, तुम्ही झाडं बघा. सापांचं वकीलपत्र कशाला घेता?”

“वकीलपत्र नाही हो. तो आपल्याकडे राहायला येत नाही. उंदरांच्या मागे येतो आणि पोट भरलं की घरी जातो. कचऱ्याचे डबे झाका, उंदीर कमी होतील, तोही कमी येईल. पण रस्ताच बंद केलात तर तो दुसरा रस्ता शोधणार. आणि दुसरे रस्ते सगळे घरांत जातात.”

“हे काम तुम्ही करणार की नाही?”

“हे नाही करणार.”

मला नाही ऐकायची सवय नव्हती. जाळ्या मी गवंड्याकडून बसवून घेतल्या आणि माळीणबाईंना एका महिन्याची नोटीस दिली. कारण लिहिलं : कामास नकार. त्यांनी ती वाचली, सही केली, घडी घालून खिशात ठेवली आणि माझ्याच वडिलांच्या खिडकीखालच्या रोपांना पाणी घालायला निघून गेल्या.

आप्पांबद्दल सांगायला हवं. माझे वडील चौऱ्याऐंशीचे आहेत. आयुष्यभर बस चालवली. दोन वर्षांपूर्वी उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आता डावा हात हलतो, आणि तोंडातून ‘हं’ आणि ‘ना’ एवढंच निघतं. तळमजल्याला माझ्या घराची मागची खोली त्यांची. पलंग खिडकीशी, खिडकीला गज, आणि न्हाणीघराचं एक दार मागच्या अंगणात उघडतं. माळीणबाई रोज त्या खिडकीशी उभ्या राहून त्यांना बागेच्या बातम्या द्यायच्या. “आप्पा, गुलाबावर मावा पडलाय. तुमच्या लेकीला औषध आणायला सांगितलं तर ती म्हणते आधी अर्ज करा.” आप्पा हसायचे. माझ्याशी बोलताना ते इतकं हसत नसत, हे मला दिसायचं आणि लागायचं.

जाळ्या बसवून बारा दिवस झाले होते. दुपारी चारची वेळ. आप्पांच्या खोलीची फरशी पुसून मी न्हाणीघराचं मागचं दार, ती वाळावी म्हणून, उघडं ठेवलं आणि चहा टाकायला आत गेले. चहा उकळायच्या आत बाहेर कल्लोळ उठला. बघते तर सात-आठ माकडं आप्पांच्या खिडकीच्या गजांना लटकलेली, आणखी काही शेजारच्या झाडावर, आणि सगळी एका सुरात खाकरल्यासारखी ओरडताहेत. आतून आप्पा डाव्या हाताने पलंगाच्या लोखंडी दांड्यावर ठकठक करत होते.

माझं डोकं फिरलं. म्हातारा माणूस घाबरलाय आणि ही मेली त्यांच्या फळांसाठी खिडकी उपटायला निघालीयेत! मी काठी घेऊन अंगणातून खिडकीकडे धावले, गजांवर दणादण काठी हाणली, तोंडाला येईल ते बोलले. माकडं मागे सरली, पण गेली नाहीत. झाडावर चढून पुन्हा तसंच ओरडू लागली.

“बाई, काठी खाली ठेवा.”

माळीणबाई मागे उभ्या होत्या. नोटिशीनंतर आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो.

“बघताय ना काय चाललंय?”

“तुम्ही बघा. खायला आलेलं माकड माणसाच्या हाताकडे बघतं. ही कुठे बघताहेत?”

मी बघितलं. एकही माकड माझ्याकडे बघत नव्हतं, आप्पांकडे नाही, टेबलावरच्या केळ्यांकडे नाही. सगळ्यांची नजर एकाच ठिकाणी होती, आप्पांच्या पलंगाखाली.

मी गजांशी तोंड नेलं. पलंगाखाली, भिंतीच्या कडेला, फणा काढलेला नाग होता. आप्पांच्या प्रत्येक ठकठकीबरोबर तो डोकं त्या दांड्याकडे वळवत होता, आणि आप्पांचा ठोकणारा हात दांड्याबाहेर खाली लोंबत होता. त्या दोघांत वीतभरही अंतर नव्हतं.

मी दाराकडे धावणार तेवढ्यात माळीणबाईंनी माझं मनगट धरलं. एकोणीस वर्षांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता.

“पळायचं नाही. जमिनीचा धक्का त्याला लगेच कळतो. आपलं बोलणं चालेल, पाय आपटणं नाही.” मग खिडकीतून, रोजच्याच आवाजात, “आप्पा, मी आलेय. आता ठोकू नका. हात हळूच, अगदी हळूच वर घ्या आणि पोटावर ठेवा. बस थांब्याला लावताना कशी हळू लावायचात, तसा.”

आप्पांनी त्यांच्याकडे बघितलं. हात वर जायला किती वेळ लागला मी सांगू शकत नाही. तो पोटावर टेकला तेव्हा नागाने फणा मिटला आणि वेटोळं घालून तो तिथेच बसला. पलंगाच्या पायापाशीच.

“त्यांना उचलून आणते मी,” मी कुजबुजले.

“कशी? पलंगाशी जायला त्याच्या डोक्यावरूनच जावं लागेल.” त्यांनी एक नंबर तोंडपाठ सांगितला. “सर्पमित्र आहे. लावा. सांगा, नाग आहे, पलंगाखाली आहे, माणूस वर आहे, कुणीतरी नजर ठेवून आहे. हे शेवटचं नक्की सांगा.”

“कोण ठेवणार नजर?”

त्या न्हाणीघराच्या दाराने आत गेल्या. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, पाऊल टेकल्याचंही कळू नये असं टेकवत. खोली दहा फूट लांब. त्यांची ती दहा पावलं तिथे मावणारच नव्हती. दाराशी खुर्ची होती, तिच्यात त्या बसल्या, काठी मांडीवर आडवी ठेवली आणि पलंगाखाली नजर लावली. ती पुढची चाळीस मिनिटं त्यांनी काढली नाही.

फोनवरचा माणूस म्हणाला, चाळीस मिनिटं लागतील. मी खिडकीशी परत आले.

“बाई,” माळीणबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “आप्पांना तुमचं तोंड दिसतंय. ते जरा सरळ करा.”

मी केलं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात अवघड काम. आप्पा माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे बघून हसत होते, आणि मनात एकच चाललं होतं की त्या दाराची कडी मी लावली नाही.

आणि माळीणबाई बोलत होत्या. बागेच्या बातम्या, रोजच्यासारख्या. मावा गेला. लिंबाला फुलं आली. अध्यक्षांनी कुंडीत चहाचा गाळ टाकून झाडाला अपचन केलं. आप्पांच्या तोंडाची डावी बाजू हलली. हसले ते. पलंगाखाली नाग, वर हे महाशय हसताहेत!

“आणि पावसाळा संपला ना आप्पा, की इथे खिडकीखाली मी जुई लावणार आहे. गजांवर नाही चढवायची, माकडांना शिडी होते. जमिनीलगतच, पण झुडूप दाट होऊ द्यायचं नाही, तळ मोकळा ठेवायचा. वास तुमच्यापर्यंत आला पाहिजे आणि खाली कोण बसलंय ते मला दिसलं पाहिजे. चालेल?”

“हं,” आप्पा म्हणाले.

पावसाळा संपायला चार महिने होते. त्यांच्या नोटिशीचे अठरा दिवस उरले होते. ती नोटीस माझ्या अक्षरात होती. माझी मान खाली गेली, पण तोंड सरळ ठेवायचं होतं म्हणून मी ती पुन्हा वर केली.

पंचवीसेक मिनिटांनी नाग हलला. पलंगाखालून निघून तो भिंतीच्या कडेने सरकत थेट खुर्चीच्या दिशेने आला. माळीणबाईंचं बोलणं थांबलं नाही, फक्त संथ झालं. बुटांपासून हातभर अंतरावर तो थबकला, डोकं उचललं. बाईंच्या कपाळावरून घामाचा ओघळ डोळ्यात उतरला. त्यांनी तो पुसला नाही, पापणीसुद्धा मिटली नाही. मला वाटलं, यापेक्षा ओरडणं सोपं. नाग बराच वेळ तसाच राहिला, मग वळला आणि कपाटाच्या आडोशाला जाऊन बसला. झाडावरची माकडं तेवढा वेळ गप्प होती. तीही श्वास धरून असावीत असं मला तेव्हा वाटलं, आणि आजही वाटतं.

सर्पमित्र आला. सकाळी बेकरीत पाव भाजतो म्हणे, बाह्यांना अजून पीठ होतं. त्याने माळीणबाईंना विचारलं, “कुठे?” त्यांनी काठीने दाखवलं. त्याने कपाटाजवळ एक काळा पाइप ठेवला, पाइपच्या दुसऱ्या टोकाला कापडी पिशवी बांधलेली. लांब आकड्याने हलकेच वळवल्यावर नाग अंधार बघून आपणहून पाइपमध्ये शिरला. तीन मिनिटंही लागली नाहीत.

मी आत धावले आणि आप्पांच्या छातीवर डोकं ठेवलं. त्यांचा डावा हात माझ्या केसांवर आला. मी लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडले.

बाहेर येऊन बघते तर माळीणबाई पायरीवर बसल्या होत्या. पाण्याचा पेला हातात, आणि अर्धं पाणी बुटात सांडलेलं.

“तुम्हाला भीती वाटत होती?” मी विचारलं.

“मग! वेडी आहे का मी?”

अंगणात एव्हाना निम्मी वसाहत जमली होती. चार जणांच्या हातांत दांडके होते. अध्यक्ष सर्पमित्राला सांगत होते की मारा, नाहीतर पन्नास कोस लांब नेऊन टाका.

“मारता येत नाही,” तो म्हणाला. “आणि लांब सोडलेला साप बहुधा जगत नाही, त्याला जागा ओळखीची नसते. भिंतीपलीकडेच सोडतो. पण एक विचारू? जाताना त्याचं नाक दिसलं मला. सोललंय. अंगही वाळलंय, पाण्याविना. असा साप माणसाच्या खोलीत हौसेने शिरत नाही. इथे कुठे नवी जाळी बसवलीय का? तिच्यावर घासत होता तो, बरेच दिवस.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. बारा दिवस. मी खडूने फुल्या मारलेली अकरा भोकं, आणि प्रत्येकाशी जाऊन नाक घासणारा तो मुका जीव. बाहेर जायला मागत होता, एवढंच.

“सचिवबाई, सांगा त्याला,” अध्यक्ष म्हणाले. “भिंतीपलीकडे म्हणजे काय! तुमच्याच वडिलांच्या पलंगाखाली निघाला ना?”

“माझ्याच वडिलांच्या,” मी म्हटलं. “आणि मीच पाठवला त्याला तिथे. माळीणबाईंनी सांगितलं होतं, आतला बाहेर कसा जाणार. मी त्यांना नोटीस दिली. आज त्या नसत्या तर मी काठी बडवत राहिले असते, आप्पा ठोकत राहिले असते, आणि...” मी सर्पमित्राकडे वळले. “भिंतीपलीकडेच सोडायचा. जाळ्या मी आत्ता काढतेय. कुणाला हरकत असेल त्यांनी लेखी द्यावी.”

लेखी कोण देतो! दांडके एकेक करून जिन्यात गेले. अध्यक्ष जाताजाता ‘हात दाखवून अवलक्षण’ असं काहीतरी पुटपुटले. ते खरंच होतं, म्हणून मी ऐकून घेतलं.

सर्पमित्र आणि मी फाटकाने बाहेर गेलो. त्याने झुडपांशी पिशवी मोकळी केली. नाग क्षणभर तसाच पडून राहिला, मग दगडांतून ओहोळाच्या डबक्याकडे सरकत गेला. वळूनही बघितलं नाही. का बघावं?

परत येऊन मी छिन्नी-हातोडी घेतली आणि पहिल्या जाळीशी गुडघे टेकले. माळीणबाई काठी घेऊन शेजारी उभ्या राहिल्या. प्रत्येक जाळीशी आधी त्यांची टकटक, मग माझे घाव. गवंड्याने सिमेंट चांगलं कालवलं होतं, माझ्याच देखरेखीखाली. चार जाळ्या निघेपर्यंत माझ्या तळहाताला फोड आले. सातवी निघाली तेव्हा ऊन उतरलं होतं.

“ती नोटीस मी परत घेतेय,” मी जमिनीकडे बघत म्हटलं. “आणि मला माफ करा.”

“बरं.”

“आणि ते जुईचं... आप्पांना तुम्ही सांगत होतात. ते त्यांचं लक्ष दुसरीकडे राहावं म्हणून ना? तुम्हाला तर माहीत होतं, तोवर तुम्ही इथे नसणार.”

माळीणबाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. राग नव्हता, जरा नवल होतं.

“लक्ष राहावं म्हणूनच. पण खोटं कशाला सांगेन हो? तेही विषारी जनावराच्या भीतीत अडकलेल्या माणसाला? जुई लावायला मी येणारच होते. पगार तुम्ही देता, बाई. आप्पांच्या खिडकीशी यायला तुमची सही लागते होय?”

डोळे इतके भरून आले की हातोडीचा घाव छिन्नीवर न पडता अंगठ्यावर पडला. तेव्हा त्यांनी माझ्या हातात काठी दिली, छिन्नी-हातोडी स्वतः घेतली आणि आठव्या जाळीशी बसल्या. उरलेल्या चारही त्यांनीच काढल्या.